‘सर्व्हाइव्ह’ लिहिताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी इंग्रजी शिकवताना ‘सर्व्हाइव्ह’ या क्रियापदाच्या त्याच त्या चुका मी वर्षानुवर्षे वह्यांमधून खोडत आलो आहे. मुले ‘सर्व्हाइव्ह म्हणजे वाचणे’ एवढेच पाठ करतात. लॅटिनमधील ‘सुपर’, म्हणजे पलीकडे, आणि ‘विवेरे’, म्हणजे जगणे, यांपासून हे क्रियापद आले. संकटाच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या पलीकडे जगणे हा त्याचा गाभा आहे.

आपण ‘अपघातातून वाचला’ म्हणतो आणि त्या ‘तून’चे ‘फ्रॉम’ करून ‘ही सर्व्हाइव्ड फ्रॉम द ॲक्सिडेंट’ लिहितो. ‘पलीकडे’ क्रियापदातच असल्याने ‘फ्रॉम’ला तेथे जागा नाही, ‘ही सर्व्हाइव्ड द ॲक्सिडेंट’ एवढेच लिहावे. पऱ्हाटीने पावसाचा खंड सोसला, तर ‘द कॉटन क्रॉप सर्व्हाइव्ड द ड्राय स्पेल’.

‘सर्व्हाइव्ड बाय’ची चूक मात्र मला फार लागते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांना निंदणाच्या दिवसांत साप चावला आणि डॉक्टरांनी त्यांना वाचवले. मुलाने घाईघाईत मोबाइलवर शब्द शोधून महाविद्यालयाकडे रजेचा अर्ज केला: ‘माय फादर इज सर्व्हाइव्ड बाय डॉक्टर’. तेथून मृत्यूचा दाखला मागणारा फोन घरी आला, तो आईने घेतला आणि ती माउली रडतच खाली बसली. ‘सर, बाबा त जित्ते हायेत!’ असे म्हणत तो पोरगा माझ्याकडे धावत आला, तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

निधनवार्तेतील ‘ही इज सर्व्हाइव्ड बाय हिज वाइफ अँड टू सन्स’ म्हणजे आपले ‘त्यांच्या मागे पत्नी व दोन मुले असा परिवार आहे’. मराठीत ‘वाचणे’चे ‘वाचवणे’ सहज होते. इंग्रजीत त्यासाठी ‘सेव्ह’ हा निराळाच शब्द लागतो: ‘द डॉक्टर सेव्ह्ड माय फादर’. मोबाइल शब्द देतो, त्याची वागणूक शिकवत नाही. दोन मिनिटे वाचवण्यासाठी त्यावर विसंबणाऱ्या मुलांना मी हेच पुनःपुन्हा सांगतो.

संयुक्त खात्याच्या पासबुकावरील ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ मी वर्गात मुद्दाम फळ्यावर लिहितो. दोघांपैकी कोणीही व्यवहार करावा आणि एकाच्या पश्चात मागे राहिलेल्याने, असा त्याचा अर्थ. वाक्य लिहून झाले की ‘कशाच्या किंवा कोणाच्या पलीकडे?’ असे मी प्रत्येकाला विचारायला लावतो. उत्तर सापडले नाही तर वाक्य पुन्हा लिहायचे.

उच्चारात जोर शब्दाच्या दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘व्हाइव्ह’वर, द्यावा. नुसत्या भाकरीवर दिवस काढले, तर ‘सर्व्हाइव्ह’पुढे ‘ऑन’ येते, ‘बाय’ नव्हे.