कर्णबधिर मुलांच्या बोलण्यावर काम करायला येताय?

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांच्या डोक्यात एकच असतं, मुलाला बोलतं करायचं. प्रशिक्षणात मात्र सुरुवातीला बोलण्याचं नावच निघत नाही. ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याचा आलेख वाचा, श्रवणयंत्राची बॅटरी तपासा, इअरमोल्डच्या, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याच्या, नळीतला ओलावा काढा, कॉक्लिअर इम्प्लांटची (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेल्या ऐकण्याच्या उपकरणाची) केबल सैल तर नाही ना ते बघा. मलाही तेव्हा हे तंत्रज्ञाचं काम वाटायचं. आता वाटतं, यात कच्चा राहिलेला शिक्षक पुढे कुठल्याच पद्धतीत तरत नाही.

बोलण्यातले खालच्या-वरच्या पट्टीतले आवाज मुलाला पोचतात का हे बघणारी, डॅनियल लिंग या कर्णबधिरांच्या शिक्षणातल्या तज्ज्ञांची सहा ध्वनींची चाचणी आधी हातात बसवा: आ, ऊ, ई, म, श, स. ध्वनी ऐकू आला की मूल ठोकळा टाकतं किंवा तोच ध्वनी म्हणून दाखवतं. मुलाला तुमचे ओठ दिसू नयेत म्हणून बाजूला बसायचं आणि रोज क्रम बदलायचा. दोन ध्वनींमधली शांतताही कमीजास्त ठेवायची, नाहीतर हुशार मूल ताल पकडून ठोकळा टाकतं आणि आपण खूश होतो. मूल चुकलं तर ती चूक नीट टिपा. कालपर्यंत बरोबर सांगणारं मूल आज 'ई'ला 'ऊ' म्हणतंय असं धरा. दोन्ही स्वरांचा खालचा भाग साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. 'ई' वेगळी कळते ती २००० हर्ट्झच्या वरच्या भागामुळे. म्हणजे उंच पट्टीतले आवाज पोचत नसावेत. 'स'लाही प्रतिसाद नसेल तर शंका आणखी बळावते. पालकांना 'आज त्याचं लक्ष नव्हतं' असं सांगून मोकळं होऊ नका. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, नेमकं काय घडलं ते कळवा.

सगळ्यात जड जातं ते गप्प बसणं. आपण विचारतो, "चेंडू कुठे गेला?" मूल विचार करत असतं आणि तेवढ्यात आपण प्रश्न पुन्हा विचारतो, बोट दाखवतो, शेवटी उत्तरही आपणच देतो. स्वतःच्या सत्राचा व्हिडिओ बघताना हे फार लाजवतं, पण बघाच. आधी नुसतं ऐकवा, थांबा, मग हवं तर दाखवा आणि पुन्हा ऐकवा. मूल "बाबा गाडी" म्हणालं तर "हो, बाबा गाडीत बसले" म्हणा. 'गाडीत'मधला शेवटचा 'त' बोलण्यात हलका पडतो, म्हणून तो किंचित ठळक करा. ओरडू मात्र नका. मोठ्याने बोललं की स्वर फुगतात आणि व्यंजनं त्यात बुडतात.

वर्गात शिकवून आलेल्यांना आणखी एक सवय मोडावी लागते. लहान मुलांच्या सत्रात खरा विद्यार्थी आई किंवा बाबा असतो. खेळ त्यांनी घ्यायचा, आपण शेजारी बसून एखादी सूचना करायची. मूल आठवड्यातले थोडेच तास आपल्याकडे असतं, बाकी सगळी भाषा घरात घडते.

मोठ्या वर्गात अंतर आडवं येतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणून रिमोट मायक्रोफोन वापरतात; शिक्षकाने लावलेल्या या माइकमधून आवाज थेट मुलाच्या यंत्रात जातो. इतर मुलांची उत्तरं त्यात येत नाहीत, ती आपण परत म्हणायची. आणि वर्गाबाहेर पडताना माइक बंद करा! स्टाफरूममधल्या गप्पा मुलाला थेट कानात ऐकू गेल्याचे किस्से या धंद्यात खूप आहेत.

काही मुलांना बोलण्याची वाट पुरत नाही. श्रवणाची नसच विकसित झालेली नसेल, तर इम्प्लांटचा फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी सांकेतिक भाषेकडे हार म्हणून बघणारा शिक्षक मला तरी नको. ती भाषा थोडी तुम्हीही शिका.

पुढे एजी बेल अकॅडमी या अमेरिकी संस्थेचं 'एलएसएलएस' (ऐकणं आणि बोली भाषा यांतला तज्ज्ञ) प्रमाणपत्र घ्यायचं मनात असेल, तर त्यात दोन वाटा आहेत: एकेका कुटुंबासोबत काम करणाऱ्यांसाठी एव्हीटी (ऑडिटरी-व्हर्बल थेरपिस्ट) आणि मुख्यतः शाळेत शिकवणाऱ्यांसाठी एव्हीएड (ऑडिटरी-व्हर्बल एज्युकेटर). दोन्हींत अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखाली काम करावं लागतं आणि परीक्षाही असते. साधा अभ्यासक्रम निवडतानाही आधी हेच विचारा, की माझी सत्रं प्रत्यक्ष कोण बघणार आणि त्यावर माझ्याशी किती वेळ बोलणार. गोलमोल उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा.