क्लॅरिनेट घेऊन बँड फेस्टिव्हलला निघालात? या चुका टाळा

अमेरिकेत पाचवी-सहावीला शाळेचा बँड सुरू होतो आणि मराठी घरांतली पुष्कळ मुलं क्लॅरिनेट निवडतात. दोन-तीन वर्षांत फेस्टिव्हलचे दिवस येतात. मार्च-एप्रिलमध्ये जिल्ह्याचे आणि राज्याचे फेस्टिव्हल असतात. डिसेंबरात शिकागोला मिडवेस्ट क्लिनिक, म्हणजे बँड आणि ऑर्केस्ट्राची मोठी परिषद, भरतं. ते 1946 पासून चालू आहे, हल्ली मॅककॉर्मिक प्लेस या संमेलन केंद्रात असतं आणि तिथल्या प्रदर्शनात बेस क्लॅरिनेटपासून टूबापर्यंत सगळं हाताळून बघता येतं. मुलांसाठी ही पर्वणीच. पण दरवर्षी त्याच त्या चुकांपायी कुणाचं वाद्य तडकतं, कुणाची चावी वाकते, तर कुणी रडवेलं होऊन मागच्या खुर्चीत बसून राहतं. यातल्या बहुतेक चुका घाईमुळे होतात, म्हणून इथे जरा कडक बोलणार आहे.

थंड वाद्यात फुंक मारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर.

डिसेंबरातली सकाळ, बाहेर तापमान शून्याखाली. बस सहाला निघते. वाद्यांच्या केस बसच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात जातात आणि तिथे हीटर नसतो. दीड तासाने बस पोचते. वॉर्म-अपची खोली मिळते वीस मिनिटांसाठी, त्यातली दहा खुर्च्या लावण्यात जातात. मग मूल केस उघडतं, बर्फासारखं गार लाकूड जोडतं आणि सूर उतरलेला लागतोय म्हणून आणखी जोरात फुंकतं. लाकडाच्या आतल्या बाजूला शरीराच्या उष्णतेची ओलसर हवा लागते, बाहेरची बाजू गार आणि कोरडीच असते. आतलं लाकूड फुगू पाहतं, बाहेरचं जागचं हलत नाही. ताण वाढत जातो आणि रेषेला धरून लाकूड फाटतं. फाटतो बहुधा वरचा जोड, म्हणजे वाद्याचा वरचा तुकडा, कारण श्वास पहिल्यांदा तिथे लागतो आणि छिद्रांची गर्दीही तिथेच असते. ट्रिलच्या (दोन सूर झरझर आलटून वाजवायच्या) चाव्यांजवळ केसाएवढी रेघ दिसते. पाण्याचा थेंब तिच्यावर बुडबुडा धरू लागला तर हवा गळतेय असं समजा. त्यानंतर खालचे सूर बोलेनासे होतात आणि मूल बिचारं स्वतःच्या फुंकेला दोष देत बसतं.

उपाय साधा आहे, पण वेळ मागतो. वाद्य बसच्या पोटात ठेवू नका, मांडीवर घ्या. पोचल्यावर केस बंदच ठेवून खोलीत वीस-तीस मिनिटं राहू द्या. मग फक्त वरचा जोड काढून काखेत किंवा जॅकेटच्या आत पाचेक मिनिटं धरा. म्हणजे उष्णता बाहेरून आत जाते, आणि ती तशीच जायला हवी. पहिली पाच मिनिटं मधल्या सप्तकात, हलक्या आवाजात वाजवा. नवं लाकडी वाद्य असेल तर पहिले दोन आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटंच वाजवायचं आणि दर वेळी आतून पुसायचं. महिन्याभरापूर्वी घेतलेलं लाकडी क्लॅरिनेट फेस्टिव्हलला दिवसभर वाजवायला देणाऱ्या पालकांना माझा ठाम विरोध आहे. त्या दिवशी शाळेचं प्लास्टिकचं वाद्य मागून घ्या. बाहेर उघड्यावर वाजवायचं असेल तर प्लास्टिकच, मग ऊन असो की थंडी.

तडा गेलाच तर वाजवणं थांबवा, आतून पुसा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो तडा भरतो, पिना किंवा पट्टी बसवतो आणि वाद्य पुन्हा वर्षानुवर्षं चालतं. घरी गोंद ओतू नका, तो चाव्यांच्या खांबांत आणि पॅडवर (छिद्रं झाकणाऱ्या गाद्यांवर) जातो आणि दुरुस्तीचं काम दुप्पट होतं. हिवाळ्यात घरातल्या हीटरने हवा फार कोरडी पडते, म्हणून केसमध्ये ओलावा राखणारी पुडी ठेवा. 45 ते 55 टक्के आर्द्रता पुरेशी आहे. संत्र्याची साल ठेवायचा जुना सल्ला अजून कानावर येतो. साल केव्हा सुकली ते कळत नाही आणि तिला बुरशी धरते, म्हणून तो सोडाच. जुलैत मुंबई-पुण्याला आजी-आजोबांकडे वाद्य नेलंत तर प्रकार उलटा होतो. पावसाळी हवेत लाकूड फुगतं आणि जोड एकमेकांत अडकून बसतात. अशा वेळी पिळून ओढू नका. वातानुकूलित खोलीत काही तास ठेवा, बहुतेक वेळा आपसूक सुटतात.

जोडताना ब्रिज वाकवणं

वरच्या आणि खालच्या जोडाला सांधणारी छोटी पट्टी म्हणजे ब्रिज. जोडताना वरच्या जोडावरच्या कड्या डाव्या हाताने दाबून धरल्या की ब्रिजचा वरचा भाग उचलला जातो आणि खालचा त्याच्याखाली सरकतो. घाईत हे राहून जातं, धातू धातूवर घासतो आणि वाकतो. मग दोन्ही हातांची पहिली बोटं ठेवून वाजवायचा बी-फ्लॅट नीट लागत नाही. कॉर्कला ग्रीस लावा, जोड थोडा थोडा फिरवत बसवा, लांब चाव्यांना मुठीत पकडू नका. बेस क्लॅरिनेटला सांध्यावर एकाहून जास्त ब्रिज असू शकतात. ते पहिल्यांदा जोडताना जाणत्या माणसाला शेजारी उभं करा.

नवं रीड फेस्टिव्हलच्या दिवशी

नको. रीड म्हणजे माउथपीसला, तोंडात धरायच्या भागाला, लावायची पातळ पट्टी. दहाच्या खोक्यातली चार रीड आधीच्या दोन आठवड्यांत आलटून पालटून वाजवा, मागे पेन्सिलने आकडे घाला आणि त्यातली दोन बरी घेऊन जा. रीड लावल्यावर त्याच्या टोकावर माउथपीसची काळी कड केसाएवढी दिसली पाहिजे. अडीचवरून साडेतीनवर उडी मारली की आवाज मोठा होतो, हा समज खोटा आहे. ओठ थकतात आणि सूर चढतो, एवढंच हाती लागतं.

एकाच सुरावर जुळवून मोकळं होणं

क्लॅरिनेट गार असताना सूर उतरलेला असतो, तापलं की चढतो. म्हणून आल्या आल्या ट्यूनर काढण्यात अर्थ नाही. दहा मिनिटं वाजवा, मग जुळवा. बँड बहुधा कॉन्सर्ट बी-फ्लॅटला (पियानोवरच्या बी-फ्लॅटला) जुळवतो, म्हणजे तुमच्या कागदावरचा सी. तो चढा असला की मुलं बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा आखूड तुकडा, सर्रकन बाहेर ओढतात. बॅरल दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त ओढली तर गळ्यातले सूर, म्हणजे उघडा जी, ए आणि बी-फ्लॅट, इतरांपेक्षा जास्त उतरतात. बॅरल थोडी ओढा, उरलेलं अंतर वरच्या आणि खालच्या जोडांच्या मधे द्या. उघडा जी आणि मधला सी दोन्ही तपासा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. क्लॅरिनेट जोरात वाजवलं की सूर उतरतो आणि हळू वाजवलं की चढतो. बासरीचं बरोबर उलटं होतं. म्हणूनच शांत जागी हे दोन विभाग एकमेकांना बेसूर वाटतात आणि दोघंही समोरच्याकडे बोट दाखवतात. सुराला जबाबदार कान असतात, ट्यूनर फक्त सांगतो.

नवं वाद्य म्हणजे मोठं क्लॅरिनेट, असं समजणं

यावर मला बरंच बोलायचं आहे, कारण याच चुकीमुळे चांगली मुलं नवं वाद्य पहिल्या दहा मिनिटांत टाकून देतात.

प्रदर्शनातल्या स्टॉलवर बेस क्लॅरिनेट उभं असतं. बोटं तीच आहेत असं कुणीतरी सांगतं आणि ते खरंही आहे. मूल खुर्चीच्या कडेवर बसतं, खालची पेग (वाद्य जमिनीवर टेकायची दांडी) आधीच्या माणसाच्या उंचीला लावलेली, म्हणून मान पुढे काढून माउथपीस गाठतं. नेहमीच्या सवयीने खालचा ओठ घट्ट आवळतं, हनुवटी ताणतं आणि जोरात फुंकतं. वाद्य किंचाळतं. शेजारचे वळून बघतात. मूल लाजून वाद्य ठेवतं आणि घरी जाताना म्हणतं, मला नाही जमत.

जमतं. आधी पेग लावून घ्या. पाठ ताठ ठेवून बसल्यावर माउथपीस आपोआप ओठांशी यायला हवं. माउथपीस क्लॅरिनेटपेक्षा आडवं येतं, म्हणून तोंडात थोडं जास्त घ्या. जबडा सैल सोडा आणि तोंडातली पोकळी मोठी ठेवा, जांभई देताना होते तशी. हवा भरपूर हवी पण दाब कमी. पहिला सूर मधला जी घ्या आणि तिथून एकेक बोट ठेवत खाली जा. वरच्या सप्तकाकडे पहिल्या दिवशी बघूच नका. बऱ्याच बेस क्लॅरिनेटना डाव्या तर्जनीखाली छोटं छिद्र असलेली चकती असते. वरच्या सी-च्या पलीकडे बोट किंचित गुंडाळून ते छिद्र उघडावं लागतं, आणि ते काम दुसऱ्या महिन्याचं. खालचे सूर अजिबात बोलत नसतील तर दोष मुलाचा असेलच असं नाही. स्टॉलवरचं वाद्य दिवसभर शंभर हातांतून गेलेलं असतं आणि एखादं पॅड गळत असतं. स्टॉलवाल्याला वाजवून दाखवायला सांगा.

सॅक्सोफोनचा फसवेपणा वेगळा. वरच्या भागात नेणारी रजिस्टरची चावी दाबल्यावर क्लॅरिनेट बाराव्या सुरावर उडी मारतं, सॅक्सोफोन आठव्यावर. त्यामुळे क्लॅरिनेटच्या मधल्या-वरच्या भागातली बोटं सॅक्सोफोनशी बरीच जुळतात आणि खालच्या भागातली फसवतात. ओठ फार आवळले आहेत का, हे पाहायची सोपी कसोटी आहे. अल्टो सॅक्सोफोनचं नुसतं माउथपीस रीड लावून फुंका. कॉन्सर्ट ए-च्या आसपास सूर यायला हवा. क्लॅरिनेटवाली मुलं हमखास त्याच्या बरीच वर जातात. तिथून सैल करत ए-पर्यंत उतरा, मग वाद्याला लावा.

ई-फ्लॅट क्लॅरिनेटला मात्र सातवी-आठवीच्या मुलांनी हात लावायची घाई करू नये. लहान आहे म्हणून सोपं वाटतं, पण सूर सांभाळायला ते सगळ्यात अवघड.

कागदावरचा सी प्रत्येक वाद्यावर निराळा ऐकू येतो, हेही समजून घ्या. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर तो एक पूर्ण स्वर खाली येतो. ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलेल्या बेस क्लॅरिनेटवर त्याच्याही एक सप्तक खाली, आणि ई-फ्लॅट क्लॅरिनेटवर तो तीन अर्धस्वर वर जातो. कार्यशाळेत दुसऱ्या वाद्याचा कागद समोर आला आणि तुम्ही आपल्या क्लॅरिनेटवर तसाच वाजवला, तर सगळा बँड एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

दुसऱ्याच्या माउथपीसवर वाद्य पारखणं

आरोग्याचा मुद्दा आहेच. पण त्याहून मोठी अडचण अशी की माउथपीस आणि रीड बदललं तर नव्या क्लॅरिनेटबद्दल काहीच कळत नाही. स्वतःचं माउथपीस, लिगेचर (रीड आवळून धरणारी पट्टी) आणि ओलं केलेलं रीड खिशात ठेवा. आपलं वाद्यही बरोबर न्या. आधी ते त्याच हॉलमध्ये वाजवा, मग नवं. दोन्हींवर तेच वाजवा: खालच्या ई-पासून लांब सूर, गळ्यातले जी-ए-बी-फ्लॅट, मग खालचा एफ आणि रजिस्टरची चावी दाबून वरचा सी. ट्यूनरवर या दोघांत थोडा फरक प्रत्येक वाद्यात निघतो, तो किती ते बघा. शेवटी अगदी हळू आवाजात वरचे सूर. एका दिवसात तीनच वाद्यं. चौथ्यापासून कान थकलेले असतात आणि जे चकाकतं तेच चांगलं वाटतं.

आणि स्टॉलवर कार्ड काढू नका. शंभर माणसं एकाच वेळी वाजवत असलेल्या हॉलमध्ये आवाजाची पारख होत नाही. पुष्कळ दुकानं आठवडाभर घरी नेऊन बघायला देतात, तेव्हा शिक्षकांसमोर वाजवा. पहिलं बेस क्लॅरिनेट लो ई-फ्लॅटपर्यंतचं पुरे. लो सी-पर्यंतचं फार महाग आणि जड असतं, आणि माध्यमिक शाळेच्या संगीतात ते खालचे सूर क्वचितच लागतात. शाळेकडे असेल तर वर्षभर शाळेचंच वाजवा.

साइट-रीडिंगच्या खोलीत इकडे तिकडे बघणं

रंगमंचावरचं वादन झालं की बऱ्याच राज्यांत बँडला या खोलीत नेतात. कधीही न पाहिलेलं संगीत समोर येतं, काही मिनिटं बघायला मिळतात आणि त्या वेळात वाजवायला परवानगी नसते. आधी की सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणा, बघा. शिक्षक कॉन्सर्ट ई-फ्लॅट म्हणाले तर तुमची एफ, ए-फ्लॅट म्हणाले तर बी-फ्लॅट. मग ब्रेक ओलांडणाऱ्या, म्हणजे खालच्या भागातून वरच्या भागात जाणाऱ्या, जागा शोधा आणि करंगळी डावी की उजवी ते ठरवून टाका. वाद्य न वाजवता बोटं चाव्यांवर फिरवता येतात, तेवढं करा.

वाजवून झाल्यावर पळणं

आपलं झालं की मुलं सरळ खाण्याच्या स्टॉलकडे धावतात. निदान दोन बँड बसून ऐका, आणि त्यातला एक आपल्याहून वरच्या वर्गाचा असू द्या. तिसऱ्या क्लॅरिनेटकडे, म्हणजे क्लॅरिनेटांतला खालचा भाग वाजवणाऱ्यांकडे, लक्ष द्या. चांगल्या बँडचा खालचा विभाग कसा भरलेला असतो ते तिथे कळतं, आणि बेस क्लॅरिनेट कशासाठी असतं तेही.

उठण्याआधी मात्र वाद्य पुसा. फडक्याला गाठ नको, ते उघडून सोडा आणि सावकाश ओढा. वरच्या जोडात रजिस्टरची नळी आत डोकावते, गोळा झालेलं फडकं तिथेच अडकतं. अडकलं तर जोर लावू नका, आल्या वाटेने मागे घ्या. रीड काढून त्याच्या डबीत ठेवा. आणि घरी पोचल्यावर, कितीही रात्र झाली असली तरी, केस उघडून जोडांच्या खाचा कोरड्या कपड्याने पुसा. दिवसभरात तिथे साठलेलं पाणी रात्रभर बंद केसमध्ये राहिलं की कॉर्क सैल व्हायला लागतो.