गावी वंशावळ शोधायला निघण्याआधीची तयारी

वंशावळ शोधायची म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न जनगणनेचा येतो. परदेशातले नातेवाईक सांगतात की इंग्लंडची १९२१ ची जनगणना नावानिशी बघता येते, अमेरिकेची १९५० ची खुली झाली आहे. मग आपल्या पणजोबांचं नाव १८८१ किंवा १९३१ च्या जनगणनेत का सापडू नये? तर ते सापडणार नाही, आणि ही आशा घरीच ठेवून निघणं ही तयारीतली पहिली गोष्ट. आपल्याकडे १८७२ पासून शिरगणती झाली, पण आकडे काढून झाल्यावर घरोघरच्या चिठ्ठ्या जपून ठेवायची पद्धत नव्हती. हाती राहिले ते तक्ते: गावात घरं किती, माणसं किती, कोणत्या जातीची किती. जुन्या गॅझेटियरांतही आकडेच आहेत, माणसांची नावं नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याने तर माणसागणिक भरलेली माहिती गोपनीयच ठरवली. याला एक मोलाचा अपवाद आहे. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी त्याच माहितीवरून गावोगाव 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर' लिहिलं गेलं. ज्या तहसिलीत ते टिकलं आहे तिथे घरातल्या माणसांची नावं एका पानावर मिळतात. अर्जात त्याचं नाव वर्षासकट लिहायचं, कारण नुसतं 'जुनी जनगणना' म्हटलं तर कारकून नाही म्हणून सांगतो आणि त्याचं काही चुकत नाही.

आपल्या पूर्वजांची नावं राहिली आहेत ती सरकारने सारा वसूल केला तिथे, कोतवालाने मयत नोंदवली तिथे, मास्तरांनी पोराचं नाव घातलं तिथे आणि उपाध्यायांनी यात्रेकरूला वहीत सही करायला लावली तिथे. हे सगळं बघायचंच आहे, पण आधी घर.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला सावकाश वेळ काढा आणि आत्या, चुलत आज्या यांना आधी गाठा. 'आपले खापरपणजोबा कोण' असं विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी विचारा की पितृपक्षात कोणत्या तिथीला कुणाच्या नावाचं पान वाढतात. तिथी कळली की मृत्यूची नोंद शोधताना वर्षातली तीनशे पानं सोडून देता येतात. ज्यांच्या घरी श्राद्धाचा संकल्प होतो त्यांना बाप, आजा, पणजा ही तीन नावं तोंडपाठ असतात आणि आईकडचीही तीन उच्चारली जातात. दुसरा प्रश्न सुतकाचा. आपल्या घरी मयत झालं तर गावातली कोणकोणती घरं सुतक धरतात? ती घरं म्हणजे तुमची भावकी. आडनाव वेगळं लागलेलं असलं तरी धागा एकच आहे. मग कुलदैवत, देवक किंवा गोत्र, मूळ गाव, आणि त्या गावाहून इथे कुणी, का आलं हे विचारा. दुष्काळात आलं, दत्तक आलं, घरजावई म्हणून राहिलं, हे सगळं लिहून घ्या. दत्तकाची गोष्ट हळूच सांगितली जाते. ती ऐकून न ऐकल्यासारखी केलीत तर कागदावर बापाचं नाव एकदम बदललेलं दिसेल आणि शोध तिथेच थांबेल.

त्याच बैठकीत पत्र्याची ट्रंक उघडायला सांगा. खरेदीखतं, गहाणखतं, सारा भरल्याच्या पावत्या, पेन्शनचं पुस्तक, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, फोटोच्या मागे लिहिलेलं काहीही चालेल. घडीवर फाटत आलेला कागद तिथल्या तिथे उलगडू नका आणि चिकटपट्टी लावू नका. आहे तसा फोटो काढा, सुती कापडात ठेवा.

आता नावांची तयारी. जुन्या नोंदींत आडनाव पुष्कळदा नसतंच. 'रामजी बिन लक्ष्मण पाटील' असं लिहिलेलं असतं आणि तो पाटील हा हुद्दा असतो. बिन किंवा वलद यांच्यापुढे बापाचं नाव, बाईच्या नावापुढे कोम असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. प्रत्येक पूर्वजाच्या नावाची सगळी रूपं एका कागदावर मांडून ठेवा: विठू, विठोबा, विठ्ठल, तुका, तुकाराम, रखमा, रखमाबाई, रुक्मिणी. शिवाय नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपली रीत. त्यामुळे रामजी बिन लक्ष्मण, लक्ष्मण बिन रामजी, पुन्हा रामजी बिन लक्ष्मण अशी माळ लागते आणि दोन पिढ्यांचं अंतर डोळ्यांदेखत नाहीसं होतं. प्रत्येक रामजीला त्याचं साल आणि त्याच्या भावांची नावं जोडल्याशिवाय तो कोणता रामजी हे ठरवायचं नाही.

गावाचं नाव माहीत आहे म्हणून गाव कळलं असं समजू नका. ते गाव त्या काळी कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात, कुणाच्या अमलाखाली होतं हे आधी शोधा, कारण कागद जुन्या मुख्यालयी राहिलेले असू शकतात. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, जालना त्याच वर्षी औरंगाबादेपासून वेगळा झाला, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यापासून, पालघर २०१४ मध्ये ठाण्यापासून. कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण, भोर, सावंतवाडी ही संस्थानं होती, त्यांची दप्तरं वेगळी. आणि गाव कोयना, उजनी किंवा जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं असेल तर जिल्ह्याच्या पुनर्वसन शाखेतही विचारावं लागतं.

मग महसुली कागद. इथे क्रम मोडायचा नाही: आजच्या सातबाऱ्यापासून सुरुवात करून मागे जायचं. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक. ते सगळे उतरवून घ्या आणि एकेक फेरफार मागवा. खातेदार मयत झाल्यावरच्या वारस फेरफारात त्याची मुलं, विधवा यांची नावं आणि बऱ्याचदा वयंही एका जागी मिळतात. त्यातला जुना क्रमांक तुम्हाला आणखी मागे नेतो, असं करत करत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कडई पत्रकापर्यंत, म्हणजे जमिनीच्या जुन्या हक्कनोंदीपर्यंत, पोचता येतं. गावठाणातलं घर असेल आणि तिथे सिटी सर्व्हे झालेला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मालमत्ता पत्रक आणि त्याच्या मागची चौकशी नोंदवही बघा. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेले आहेत. आपलं गाव तिथे आहे का हे घरूनच बघून निघालात तर तालुक्याची एक खेप वाचते.

फेरफार वाचताना नावाशेजारची बारीक अक्षरं सोडू नका. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान म्हणजे कायद्याने वयात न आलेलं मूल. दोन मुलांची नावं आणि पुढे 'अ.पा.क. आई' अमुक असं दिसलं, तर त्या साली मुलं अज्ञान होती, बाप गेलेला होता आणि ती बाई एकटीने घर चालवत होती. एवढ्या अक्षरांवरून मुलांचं जन्मसाल ढोबळमानाने ठरतं आणि बापाची मयत कोणत्या वर्षांत शोधायची तेही कळतं. ए.कु.मॅ. असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे भाऊ मागे आहेत, नाव एकाचंच लागलंय. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतरच्या फेरफारांत मुलींची नावंही वारस म्हणून येऊ लागतात, पुष्कळदा सासरच्या नावासह. पुढे हक्कसोड झालेली असली तरी त्या लेकींची नावं तिथे कायमची उमटलेली आहेत. ती जरूर उतरवून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक वंशावळींत नुसती पुरुषांची उतरंड असते आणि लेकी-सुना कुठेच नसतात. मला हे फार लागतं. ज्या बाईने अज्ञान मुलांच्या नावावर जमीन टिकवून धरली तिलाच झाडावर जागा नाही, अशी वंशावळ अर्धी आहे.

ज्यांच्या घरी जमीन नव्हती त्यांनी इथे खचून जाऊ नये. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जमीन असो नसो, गावातल्या घराघरांतले जन्म-मृत्यू आहेत. काही तालुक्यांत ही बुकं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मागे जातात आणि तहसिलीच्या अभिलेख कक्षात असतात. जन्माच्या रकान्यात बाळाचं नाव बहुधा नसतं. मुलगा की मुलगी, बापाचं नाव, जात, तारीख एवढंच असतं, म्हणून शोध बापाच्या नावावर करायचा. मृत्यूच्या रकान्यात वय आणि कारणही असतं: ताप, पटकी (कॉलरा), देवी. १९१८ च्या दिवाळीच्या आसपासची पानं मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीची. एकाच घरातली सासू, सून आणि तान्हं मूल आठवडाभरात गेल्याच्या ओळी एकाखाली एक येतात. तुमच्या वंशावळीत एखादी फांदी अचानक संपत असेल तर आधी ही पानं आणि १८९६ नंतरची प्लेगची वर्षं चाळा. बलुतेदार आणि वतनदार घरांनी वतनाची रजिस्टरं विचारावीत. मुंबईला गिरणीत, गोदीत, रेल्वेत गेलेल्यांच्या घरी नोकरीचे कागद असतात आणि त्यांत मूळ गाव, तालुका लिहिलेला असतो.

शाळेचं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांकडे असतं. प्रवेश-निर्गम उतारा लेखी अर्ज करून मागा. त्यातलं वडिलांचं नाव, जात आणि आधीची शाळा भरवशाची, जन्मतारीख मात्र तपासून घ्यायची. १ जून दिसली तर ती मास्तरांनी प्रवेशापुरती घातलेली असण्याचा संभव मोठा. जातीच्या दाखल्यासाठी शोधत असाल तर अनुसूचित जाती-जमातींना १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना १९६१ आणि इतर मागासवर्गाला १९६७ या सालांपूर्वीचा पुरावा लागतो. तेवढा मिळाल्यावर पुष्कळजण थांबतात. थांबू नका, खरी गंमत त्याच्या मागे आहे.

मागे गेलात की मोडी लागते, जुन्या मराठी कागदांची लिपी. वेलांट्यांचं ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांमध्ये जागा नाही, आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली अक्षरं लोंबती लिहिलेली. निदान स्वतःची, गावाची आणि कुळाची नावं ओळखण्याइतकी मोडी शिकून घ्या. महिन्याभराच्या सवयीने तेवढी येते. संपूर्ण वाचनासाठी जाणकार मोडी वाचक गाठा आणि त्यांच्याकडून लिप्यंतर ओळीबरहुकूम करून घ्या, सारांश नको. सालांचा तक्ता खिशात असू द्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन, चैत्राआधीच्या जानेवारी-मार्चला ७९. जुन्या कागदांत आणखी दोन सन भेटतात: फसलीत साधारण ५९० मिळवायचे, शुहूर सनात ५९९ किंवा ६००. जमीन इनाम असेल, पूर्वजांकडे पाटीलकी, कुलकर्णीपण असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराच्या रुमालांपर्यंत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपर्यंत, जाता येतं. काही कसब्यांच्या, पेठांच्या खानेसुमारीत, म्हणजे घरमोजणीत, घरागणिक कर्त्याचं नाव मिळतं. त्यासाठी गावाचा परगणा आणि तर्फ हे जुने महसुली विभाग माहीत हवेत. पुण्यातलंच, १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ हे दुसरं ठिकाण.

मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, त्यामुळे उर्दू वाचणारा सोबत हवा. खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक ही तिथल्या जमिनीच्या नोंदींची नावं. विदर्भात अधिकार अभिलेख आणि बंदोबस्ताच्या, म्हणजे सारा ठरवतानाच्या, मिसली (फायली) विचारा. गोव्यात पोर्तुगीज भाषेतली नागरी नोंदणी, चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं आणि देवळांच्या महाजनांच्या याद्या. मॉरिशसच्या मराठी घरांचा माग उलट दिशेने काढावा लागतो. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिट्यांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, रजिस्टरं आहेत, त्यांत बापाचं नाव आणि गाव आहे, पण गावाचं स्पेलिंग गोऱ्या कारकुनाने कानाला पडलं तसं लिहिलेलं. ते मोठ्याने वाचून रत्नागिरीच्या जुन्या गावयादीशी ताडायचं.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांसाठी एक पूर्ण दिवस राखा. तिथे गेल्यावर सध्याचा पत्ता सांगून उपयोग नाही. मूळ गाव, जात, आडनाव यावरून तुमच्या कुळाचे उपाध्ये ठरलेले असतात. वही निघाली की पूर्वजाच्या हातची सही किंवा अंगठा आणि त्याने स्वतः सांगितलेली भाऊ-मुलांची नावं दिसतात. फोटो विचारून काढा, दक्षिणा मनापासून द्या आणि निघताना आपल्या पिढीची नोंद करताना बहिणींची, मुलींची नावं आग्रहाने घालायला सांगा. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातल्या घरांनी हेळव्यांची चौकशी करावी. पिढ्यान्‌पिढ्या वंशावळ राखणारे हे लोक सुगीनंतर दारी येतात आणि वहीतून तुमचं कूळ वाचून दाखवतात. तुमच्या भावकीचा हेळवी कोण हे गावातल्या जुन्या घरांना ठाऊक असतं.

पिशवीत ओळखपत्राच्या प्रती, कोर्ट फी तिकिटं, पेन्सिल, भिंग, धुळीसाठी रुमाल आणि चार्ज केलेला फोन. कार्यालयात अर्ज दोन प्रतींत, पोच घेऊन. फोटोची परवानगी मिळाली तर आधी नोंदवहीच्या पुठ्ठ्याचा फोटो, मग पानाचा, मग ओळीचा, नाहीतर आठवड्याने ती ओळ कोणत्या वहीतली हे सांगता येत नाही. ज्या नोंदी कामाच्या आहेत त्यांची प्रमाणित नक्कल लगेच मागा. पानं कुरतडत चालली आहेत, पुढच्या वेळी ती असतीलच असं नाही.

घरी आल्यावर प्रत्येक नावाखाली आधार लिहा: कोणती नोंदवही, कोणतं साल, कितवी ओळ. आत्याने सांगितलेलं असेल तर आत्याचं नाव आणि तारीख. दोन माणसं बापलेक असल्याचा कागद नसेल तर मधली रेघ तुटक काढा. भावकीला पाठवायच्या प्रतीतही ती तुटकच ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या ट्रंकेत तो कागद असेल तर त्याला कळेल काय शोधायचं ते.