बांबू, पेंढा, चिपाड: कागदाच्या लगद्याला काय द्यावं, काय राखावं

दिवाळी उलटली की तीन गवतं एकदमच कोयत्याखाली येतात. कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडे भात झोडून झालेलं असतं, खळ्याशेजारी पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात. विदर्भात त्यालाच तणस म्हणतात. साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, टोळ्या उसाच्या फडात उतरतात. बांबूची तोडणीही याच थंडीत उरकायची असते. भात, ऊस आणि बांबू तिन्ही गवताच्या एकाच कुळातली, आणि तिन्हींच्या धाग्यापासून झाड न तोडता कागदाचा लगदा होतो. म्हणूनच दरवर्षी या सुमारास ठरलेले प्रश्न येतात. पेंढा कागद गिरणीला देता येईल का? बांबू लावला तर गिरणी उचलेल का? बचत गटाने लगद्याचा छोटा उद्योग काढावा का?

आधीच सांगून टाकतो. कागद गिरणी हे गवताचं शेवटचं गिऱ्हाईक समजा. ती माल टनावर घेते आणि तिला तो स्वस्तच हवा असतो. गवताला दुसरं कुठलंही बरं काम असेल तर ते आधी, उरेल ते गिरणीला.

गवताच्या कागदाची कल्पना काही कालची नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या गिरण्या स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून एस्पार्टो नावाचं गवत जहाजं भरभरून आणत. थॉमस राउटलेज या तिथल्याच कागदवाल्याने १८७५ मध्ये बांबूही चालतो, असं पुस्तिका काढून मांडलं. पुढे विल्यम रेट यांनी डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत बांबू शिजवण्याची रीत बसवली आणि १९२५ मध्ये बांबूच्या कागदाला संरक्षण देणारा कायदाही आला. आपल्याकडची बल्लारपूरची गिरणी १९४५ ची. तेव्हा तिच्या नावातच ‘पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड’ असे शब्द होते, म्हणजे काडाचा पुठ्ठा. एवढी जुनी विद्या असूनही पेंढ्याला कागद गिरण्यांची रांग लागलेली नाही, त्याला कारण आहे.

पेंढा आणि काड

भाताचं पान उलट्या दिशेने ओढलं की बोट चिरतं. पानाच्या कडेला सिलिका असते, वाळूचाच अंश म्हणा. भाताच्या पेंढ्यात तिचं प्रमाण वजनाच्या दहा टक्क्यांच्या घरात जातं. गव्हाच्या काडात ते कमी, बांबूत आणखी कमी, लाकडात जवळजवळ नाहीच. लगदा करताना गवत सोड्यात शिजवतात. धागे बाजूला काढले की उरतो तो काळा रस. मोठी गिरणी हा रस आटवून जाळते आणि त्यातला सोडा परत मिळवते. सिलिका असली की आटवणाऱ्या नळ्यांत चुनखडीसारखा थर बसतो आणि सोडा परत मिळवणं अवघड होऊन बसतं. सोडा परत मिळत नसेल तर हिशेब कोलमडतो, आणि रस नाल्यात सोडला तर प्रदूषण मंडळ टाळं लावतं. काडावर चालणाऱ्या कितीतरी लहान गिरण्या याच पेचात बंद पडल्या. म्हणून ‘गावात लगद्याची मिनी गिरणी काढा, मशीन आम्ही देतो’ असं सांगत कुणी आलं, तर पहिला प्रश्न हाच विचारा: काळ्या रसाचं काय करणार? उत्तर गुळमुळीत आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

घरी जनावरं असतील तर पेंढा विकण्याचा विचारच नको. उन्हाळ्यात चाऱ्याला जो भाव येतो, त्याच्या जवळपासही लगद्याचा भाव जात नाही. जनावरं नाहीत, हार्वेस्टरने कापणी केली आहे आणि पुढचा हरभरा किंवा लाखोळी पेरायला शेत मोकळं करायचं आहे, अशांनी मात्र काडी लावण्याऐवजी बेलरवाला, म्हणजे पेंढ्याच्या गाठी बांधायचं यंत्र चालवणारा, शोधावा. गाठी बांधायच्या आधी पेंढा पुरता वाळू द्या. काडी वाकवली की कट्‌कन तुटली पाहिजे. नुसती लवली तर आत ओल आहे. ओली गाठ गंजीत तापते, काळी पडते, मग ती ना जनावर तोंडात धरत ना गिरणी दारात घेत. गव्हाच्या काडाला हेच सगळं फाल्गुन-चैत्रात लागू पडतं, आणि लगद्याला ते भातापेक्षा बरं.

गटाने करायचं असेल तर

छोट्या प्रमाणावर, हातकागद म्हणून, पेंढ्याचा लगदा जरूर करता येतो. शुभेच्छापत्रं, पाकिटं, वह्यांची वेष्टनं यांना गिऱ्हाईक आहे. सांगानेरची कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्था हे काम शिकवते. पुण्याच्या हातकागद संस्थेची परंपरा १९४० पासूनची. आपल्याकडचा बहुतेक हातकागद सुती कात्रणांचा असतो, गवत त्यात भर म्हणून येतं. नुसत्या पेंढ्याचा कागद दिसतो छान, पण कडकडीत होतो आणि घडीवर फुटतो. निम्मा लगदा सुती चिंध्यांचा घातला की ताव हाती धरवतो.

करून पाहायचं तर आधी एक किलोवर पाहा. पेंढ्याची पाती आणि गव्हाच्या काडाची पेरं काढून टाका. पेरं शिजत नाहीत आणि कागदात खड्यासारखी राहतात. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून रात्रभर भिजत घाला. सकाळी स्टीलच्या भांड्यात तुकडे बुडतील एवढं पाणी घेऊन दीड-दोनशे ग्रॅम धुण्याचा सोडा टाका आणि दोन-तीन तास मंद आचेवर शिजवा. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात वापरू नका, सोडा ते खातो. कॉस्टिक सोड्याने काम लवकर होतं हे खरं, पण एक थेंब डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. गटाच्या कामात त्याला हातच लावू नये. शिजलं की नाही हे चिमटीत कळतं: तुकडा दोन्ही टोकांना धरून हलकेच ताणा, धागे लांबीला सुटे होऊन आले तर उतरवा. मग कापडात बांधून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि लाकडी मोगरीने कुटा. मिक्सर धागा तोडतो, मोगरी तो फुलवते. कुटलेला लगदा पाण्याच्या टबात ढवळून जाळीच्या साच्याने उचलायचा, ओल्या कापडावर उलटायचा, दाबून पाणी काढायचं आणि सावलीत वाळवायचा. किलोभर काडातून वाळला कागद निम्म्याहून कमीच निघतो.

धुण्याचं तपकिरी पाणी विहिरीजवळ ओतू नका. पुन्हा पुन्हा शेतातही नको. त्यातल्या सोडियममुळे काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होते, आणि एकदा चोपण झालेली जमीन सुधारायला वर्षं जातात. सोड्याऐवजी विरवलेला कळीचा चुना वापरला तर शिजायला वेळ लागतो, पण ही अडचण टळते.

चिपाड तुमचं नाही, पाचट तुमचं आहे

गाळलेल्या उसाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलं चिपाड निघतं. लगद्याला ते उत्तम, फक्त आतला भुसभुशीत गर आधी काढावा लागतो. तामिळनाडू सरकारने १९७९ मध्ये काढलेली करूर जिल्ह्यातली कागद गिरणी चिपाडावरच उभी राहिली. साखर कारखाने बॉयलरला चिपाडच जाळतात, म्हणून त्यांना बदली इंधन देऊन चिपाड घ्यायचं, अशी सोय तिथे बसवली गेली. आपल्याकडचे कारखाने चिपाडापासून वीज करतात. यात ऊस उत्पादकाने ठरवायचं असं फारसं काही उरत नाही.

पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचं, तसं नाही. ते कागदासाठी मागायला कुणी आलं तरी देऊ नका, आणि पेटवू तर नकाच. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर फुटणाऱ्या पुढच्या पिकात, सरीत दाबा, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका, पाणी द्या.

बांबू: इथे पैसा तुमच्या हातात आहे

बांबूचा धागा साधारण दोन-तीन मिलिमीटर लांब, निलगिरीच्या दुप्पट-तिप्पट. लांब धाग्याचा कागद सहजी फाटत नाही, म्हणून गिरणीला बांबू हवा असतो. तरीही सरळ, भरीव काठी लगद्याला देणं हा तोटा आहे. टोमॅटोच्या मांडवाला, केळीच्या टेकूला, बुरडाला, बांधकामाच्या परांचीला ती नगावर जाते. सिंधुदुर्ग आणि गोव्यातला माणगा तर भरीव, बिनकाट्याचा आणि सरळसोट. त्याचे तुकडे करून वजनावर घालणाऱ्याला काय म्हणावं! वाकडे, फुटलेले, फार जून झालेले बांबू आणि शेंडे हा गिरणीचा वाटा. तोडतानाच दोन ढीग वेगळे घाला, नंतर निवडायला मजूर मिळत नाही.

तोडणीचा मोसम ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात कोयता लावू नये, कारण तेव्हा नवे कोंब वर येत असतात आणि जुन्या काठीनेच त्यांना पोसलेलं असतं. फेब्रुवारीनंतर काठीत पिष्ट वाढतं आणि तोडलेल्या मालाला भुंगा लागतो, खाली पिवळी भुकटी पडू लागते. अमावास्येच्या सुमारास तोडायची जुनी रीत कुणी पाळत असेल तर खुशाल पाळावी. महिना मात्र चुकवू नये.

कुठली काठी तोडायची हे ओळखणं हेच खरं कसब. पहिल्या वर्षाची काठी गर्द हिरवी, अंगावर पांढरट भुकटी, खालच्या पेरांना खोळ चिकटलेली. दुसऱ्या वर्षी खोळ गळते, फांद्या भरतात. तिसऱ्या वर्षी हिरवा रंग मळतो, सालीवर दगडफुलासारखे करडे ठिपके येतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर बद्द आवाज न येता टणक येतो. तोडायची ती ही, किंवा हिच्याहून जून. डोळ्यावर भरवसा नसेल तर या वर्षीपासून रंग लावा. पावसाळा संपला की नव्या प्रत्येक काठीला छातीच्या उंचीवर ऑइलपेंटचा पट्टा ओढायचा, दरवर्षी वेगळ्या रंगाचा. चौथ्या वर्षी मजुराला नुसता रंग सांगितला की काम झालं.

नवे कोंब बांबूच्या बेटाच्या बाहेरच्या कडेला येतात आणि जून माल आत अडकतो. म्हणून मजूर बाहेरचा कोवळा बांबू तोडून मोकळा होतो आणि बेट मधूनच गुदमरतं. एका बाजूने वाट फोडून आत शिरा, मधला जून माल काढा, बाहेरची कड घोड्याच्या नालेसारखी उभी राहू द्या. काप जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या लगेच वर घ्या. दोन पेरांच्या मध्ये कापलं तर वाटी तयार होते, तिच्यात पाणी साचतं आणि कंद कुजतो. बेटात निदान आठ-दहा काठ्या राहिल्याच पाहिजेत. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या एकीलाही हात लावायचा नाही, व्यापारी कितीही घाई करो.

गिरणीशी किंवा तिच्या दलालाशी बोलताना तीन गोष्टी लिहून घ्या: वजन हिरव्या मालाचं की हवेवर वाळलेल्याचं, काटा कुठला, आणि भाडं कुणाचं. हिरव्या बांबूच्या वजनात मोठा वाटा पाण्याचा असतो. वाळल्या वजनाचा भाव ऐकून खूश व्हायचं आणि हिरव्या वजनाने मनात हिशेब मांडायचा, इथेच गफलत होते. भाड्याचं म्हणाल तर गिरणी शंभर-दीडशे किलोमीटरच्या पलीकडे असेल, तर लगद्याचा विचार सोडलेलाच बरा. एकट्याचा माल ट्रकभर होत नसेल तर गावाने मिळून विकावा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने तिच्याच हाती आले आणि बांबू गावाने स्वतः विकला.

खासगी शेतातल्या बांबूला आता वनखात्याच्या परवान्याची कटकट नाही. २०१७ च्या दुरुस्तीने वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू काढला गेला. तरी शेत जंगलाला लागून असेल तर ई-पीक पाहणीत बांबूची नोंद करून ठेवा. नाक्यावर ट्रक अडला की तो कागद कामी येतो.

नव्याने लावणाऱ्यांनी रोपांची मागणी आताच नोंदवावी, लागवड जूनमध्ये. पाच बाय पाच मीटरवर एकरी १६० रोपं बसतात. बागायती रान त्यात घालवू नका. बांध, नालाकाठ, मुरमाड उतार पुरे. पहिली तोड चौथ्या-पाचव्या वर्षी. रोपवाटिकेच्या पत्रकावर एकरी लाखाचे आकडे असतात, त्यांना ‘कोण घेणार, कुठे, काय भावाने’ हे विचारून पाहा.

आणि यंदा तुमच्या मानवेल किंवा काटस जातीच्या बांबूच्या बेटाला फुलोरा आला असेल, तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा. तीस-चाळीस वर्षांनी येणारा हा फुलोरा बेट मारूनच जातो. पाणी, खत, छाटणी कशानेही ते वाचत नाही. मेलेली काठी ठिसूळ होते, बुरूड ती घेत नाही, आणि उन्हाळ्यात एखाद्या ठिणगीने अख्खं बेट पेटतं. अशा मालाला कागद गिरणी हेच पहिलं गिऱ्हाईक, फक्त वाळवी आणि कूज लागायच्या आत तो पोचवावा लागतो. बी खाली पडेपर्यंत थांबा, मग सरसकट तोडा. बी गव्हासारखं दिसतं, उंदीर त्यावर तुटून पडतात, आणि त्याची उगवणशक्ती काही महिन्यांतच जाते. त्यामुळे झाडून गोळा केलेलं बी त्याच पावसाळ्यात गादीवाफ्यावर टाका.