पात्राच्या रक्तातली जादू कशी निवडावी

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळासाठी नवं पात्र बनवायला बसलं की नाव सुचतं, हत्यार ठरतं आणि मग एका पानावर गाडी अडते. हे पात्र कोणत्या कुळातलं, आणि त्या कुळाकडून त्याला कोणती जन्मजात जादू आली? कुणाच्या पणजोबांनी सैतानाशी करार केलेला, कुणाच्या अंगात ड्रॅगनचं रक्त, कुणाची आजी परीलोकातली. वाचताना सगळंच हवंसं वाटतं, आणि शेवटी ज्याचं चित्र झकास तेच घेतलं जातं.

मीही तेच केलं होतं. माझं पहिलं पात्र टीफलिंग (सैतानी रक्ताचं कूळ) बार्बेरियन (रांगडा योद्धा): शिंगं, शेपटी आणि भलीमोठी कुऱ्हाड. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच एका खेळाच्या २०१४ च्या नियमांत टीफलिंगला तिसऱ्या लेव्हलला 'हेलिश रिब्यूक' मिळतं. कुणी घाव घातला की त्याच क्षणी त्याच्याभोवती आगीचा लोळ उठवायचा. त्या लेव्हलची मी दोन महिने वाट पाहिली. ती आली, पहिल्याच लढाईत एका गॉब्लिननं मला भोसकलं, आणि मी खुर्चीवरून उठून जाहीर केलं की आता हा जळणार. खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरनं, म्हणजे आमच्या डीएमनं, शांतपणे विचारलं, "तू रेजमध्ये आहेस ना?" रेजमध्ये, म्हणजे लढाईतल्या बेभान संतापात, असलेला बार्बेरियन स्पेल (मंत्र) टाकूच शकत नाही. हा नियम माझ्या शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहितात त्या कागदावर, होता. माझ्याच अक्षरात.

तेव्हापासून वारसा निवडताना मी सामर्थ्य सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो ती शक्ती वापरायची वेळ येणार किती वेळा.

आधी नियमांची आवृत्ती विचारून घ्या

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला आणि तेव्हापासून वारशाचे नियम अनेकदा बदलले. १९८१ च्या बेसिक नियमांत तर एल्फ असणं हाच पात्राचा क्लास, म्हणजे पेशा, होता. एल्फ म्हटलं की थोडी तलवार, थोडी जादू, विषय संपला. २०१४ च्या नियमांत कुळाबरोबर गुणांची वाढही ठरलेली असायची, म्हणजे टीफलिंगला करिश्मा (छाप पाडण्याची ताकद) +२ आणि बुद्धी +१. २०२४ च्या नियमांत ही वाढ कुळाकडून काढून पात्राच्या पार्श्वभूमीला जोडली आणि 'रेस'च्या जागी 'स्पीशीज' हा शब्द आणला. आता टीफलिंगलाही अबिसल, क्थॉनिक आणि इन्फर्नल अशा तीन वारशांतून एक निवडावा लागतो. इन्फर्नल घेतलात तर आगीपासून बचाव मिळतो, अबिसल घेतलात तर विषापासून.

पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत कूळ वेगळं आणि त्यातला वारसा वेगळा. दोन्ही पहिल्या लेव्हलला ठरतात, आणि १, ५, ९, १३, १७ या लेव्हल्सना कुळाच्या आणखी खुब्या मिळत जातात. खुबी नंतर बदलता येते, वारसा मात्र नियमानं बदलता येत नाही. शिवाय काही वारसे कोणत्याही कुळाला चिकटतात. नेफिलिम हा त्यातलाच एक, त्यामुळे स्वर्गाचा किंवा नरकाचा अंश असलेला बुटका ड्वार्फही खुशाल बनवता येतो. हे संयोजन मला फार आवडतं, पण ते पुन्हा कधीतरी.

ही शक्ती कधी आणि किती वेळा वापरता येणार?

जन्मजात जादू ढोबळमानानं तीन तऱ्हांची असते. काही नेहमी चालूच असते, जसं अंधारात दिसणं किंवा आगीचा निम्माच त्रास होणं. काही हवी तेव्हा, हवी तितक्यांदा वापरता येते. यात छोटे मंत्र, म्हणजे कॅन्ट्रिप, येतात. आणि काही दिवसातून एकदाच, मग रात्रभर विश्रांती घेतल्याशिवाय परत नाही.

नवखा खेळाडू तिसऱ्या तऱ्हेवर भाळतो, कारण तिथलेच आकडे मोठे असतात. माझा कौल कॅन्ट्रिपला. दिवसातून एकदाची शक्ती आपण 'पुढे कामाला येईल' म्हणून जपून ठेवतो, आणि सेशन संपतं तेव्हा ती तशीच शिल्लक राहिलेली असते.

माझ्या त्याच बार्बेरियनकडे पहिल्या लेव्हलपासून 'थॉमटर्जी' नावाचं कॅन्ट्रिप होतं. त्यानं कुणाला ओरखडाही उठत नाही. आवाज तिप्पट मोठा करता येतो, ज्योतींचा रंग बदलता येतो, डोळ्यांचं रूप पालटता येतं, कुलूप नसलेलं दार धाडकन उघडता येतं. महिनोन्महिने मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रिब्यूकचा फज्जा उडाल्यावर निदान हे तरी वापरू म्हटलं. प्रसंग असा: किल्ल्याचा दरवाजा, दोन पहारेकरी, भिंतीवर एक मशाल. आमच्याकडे परवाना नाही आणि लाच द्यायला नाणीही नाहीत. मी म्हणालो, "माझं पात्र काहीच बोलत नाही. मशालीची ज्योत हिरवी होते." डीएम म्हणाला, पहारेकरी मशालीकडे बघतात. "मग माझे डोळे काळेभोर होतात, पांढरा भाग उरतच नाही." एक पहारेकरी मागे सरकला. "आणि मग तिप्पट आवाजात एकच शब्द: उघडा." माझा करिश्मा इतका कमी की फाशातून एक वजाच होतो, पण प्रसंगावर खूश होऊन डीएमनं दोन फासे टाकून मोठा घ्यायची मुभा दिली. सतरा पडले. दार उघडलं.

आणखी एक गंमत नंतर कळली. थॉमटर्जीचा परिणाम एक मिनिट टिकतो आणि त्यासाठी लक्ष एकाग्र ठेवावं लागत नाही. म्हणजे आधी आवाज वाढवायचा आणि मग रेजमध्ये जायचं. रेजमध्ये स्पेल टाकता येत नाही, पण आधी टाकलेलं हे स्पेल चालूच राहतं. पुढच्या प्रत्येक लढाईत आमचा बार्बेरियन तिप्पट आवाजात ओरडत आला.

आकड्याची गाठ तपासा

बहुतेक जण इथेच फसतात. जन्मजात स्पेलची ताकद पात्राच्या एखाद्या गुणाला बांधलेली असते. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये शत्रूला जो आकडा गाठून स्वतःला वाचवायचं असतं तो असा निघतो: ८, अधिक तुमचा प्रोफिशिअन्सी बोनस, म्हणजे लेव्हलनुसार वाढणारा आकडा (पहिल्या चार लेव्हल्सना +२), अधिक त्या गुणाचा बोनस.

माझ्या बार्बेरियनचा करिश्मा ८, म्हणजे बोनस उणे एक. आकडा झाला ८ + २ - १ = ९. समोरच्या गॉब्लिनच्या चपळाईचा बोनस +२, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर त्याला ७ किंवा जास्त पडले की अर्धी आग टळली. हे दहातून सात वेळा घडणार. त्याच जागी १६ करिश्मा असलेला टीफलिंग सॉर्सरर (जादूगार) असता तर आकडा १३ झाला असता, आणि गॉब्लिन दहातून पाचच वेळा वाचला असता. मंत्र एकच, कूळ एकच, पण एकाच्या हातात फटाका आणि दुसऱ्याच्या हातात फुसका बार.

२०२४ च्या नियमांनी ही अडचण बरीच कमी केली. टीफलिंग किंवा एल्फ निवडताना बुद्धी, शहाणपण आणि करिश्मा यांतला कोणता गुण जन्मजात स्पेलला जोडायचा ते तुम्हीच ठरवता. पण तिन्ही गुण कमी असलेल्या तलवारबाजाला त्याचाही उपयोग नाही. अशा पात्रासाठी साधा उपाय आहे: आकडा विचारतच नाहीत असे मंत्र देणारा वारसा घ्या. त्याच नियमांतल्या हाय एल्फला पाचव्या लेव्हलला 'मिस्टी स्टेप' मिळतं. डोळ्यांना दिसणाऱ्या तीस फुटांपर्यंतच्या मोकळ्या जागी क्षणात पोचायचं. यात कुणाला स्वतःला वाचवायचा फासा नाही, नेम धरणं नाही. मंद बुद्धीचा फायटरही ते हुशार विझार्डइतक्याच सफाईनं करतो, आणि दरीपलीकडच्या तिरंदाजापाशी अचानक उगवलेला चिलखतधारी फायटर काय गोंधळ घालतो ते एकदा बघाच.

विझार्डचं उलट. त्याच्याकडे कॅन्ट्रिपची आधीच रेलचेल असते, त्यामुळे वारशातून आणखी एक अग्निबाण घेण्यापेक्षा त्याला न मरता उभं ठेवेल असं काही घ्यावं. नोम कुळाला बुद्धी, शहाणपण आणि करिश्मा यांवर होणाऱ्या हल्ल्यांतून वाचताना दोन फासे टाकून मोठा घेता येतो. शीटवर ते एका ओळीत मावतं आणि कुणाच्या डोळ्यात भरत नाही. पण मनाचा ताबा घेणारा खलनायक समोर आला की त्या ओळीची किंमत कळते.

बाकीच्यांच्या शीटमध्ये डोकवा

अंधारात दिसण्याची शक्ती, म्हणजे डार्कव्हिजन, इतक्या कुळांना मिळते की ती फुकटचीच वाटते. दोन गोष्टी मात्र विसरल्या जातात. एक, तिच्यानं रंग दिसत नाहीत, सगळं करड्या छटांत. लाल आणि निळ्या कळीचं कोडं अंधारात सुटणार नाही. दोन, गडद अंधार तिला मंद उजेडासारखा दिसतो, आणि मंद उजेडात डोळ्यांनी काही हेरायचं तर दोन फासे टाकून लहान घ्यावा लागतो. मशाल न पेटवता ऐटीत भुयारात शिरणारी टोळी सापळ्यात पडते ती यामुळेच.

पाचांपैकी चौघांना डार्कव्हिजन असेल आणि पाचव्याला नसेल, तरी मशाल पेटणारच. मग त्या चौघांचा वारसा त्या रात्री पिशवीतच. पहिल्या सेशनआधी सगळ्यांनी एकमेकांना एवढं विचारलं तरी पुरे.

बरं करणाऱ्या शक्तीबद्दलही एक शब्द. २०२४ च्या आसिमार कुळाला स्पर्शानं जखमा भरता येतात: प्रोफिशिअन्सी बोनसइतके चार बाजूंचे फासे, म्हणजे सुरुवातीला दोन फासे, सरासरी ५. नवव्या लेव्हलला चार फासे, सरासरी १०, आणि तोवर हे आकडे किरकोळ वाटू लागतात. पण बेशुद्ध पडलेला सोबती जिवाच्या एका पॉइंटवरही उठून उभा राहतो. एरवी बरं करणारा क्लेरिकच बेशुद्ध पडला की हा किरकोळ आकडा कसा वाटतो ते विचारा.

वारशाची किंमत ठरवा

तलवारबाजी पात्रानं घाम गाळून शिकलेली असते. जन्मजात जादू मात्र आयती मिळालेली, आणि तिची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजलेली. कथेचा मसाला इथे आहे. २०१४ च्या ड्राउ एल्फला १२० फुटांपर्यंत अंधारात दिसायचं, पण उन्हात त्याचे घाव चुकायचे. २०२४ मध्ये ही अडचण काढून टाकली. खेळ सोपा झाला हे खरं, पण मला ती अडचण हवी होती. टोळीतला ड्राउ भर दुपारी टोपी ओढून सावली शोधत चालतो, हे चित्र सगळ्यांच्या लक्षात राहायचं.

नियमात किंमत नसेल तर तुम्हीच घाला, फक्त ती आकड्यांत नको, माणसांत ठेवा. तुमच्या घरात ही जादू आणखी कुणाकडे आहे? ती दिसली की कोण घाबरतं? मूळ करार कुणी केला, आणि त्याची मुदत संपली आहे का? दोन-तीन ओळी लिहून डीएमला द्या. दहा पानांची वंशावळ देऊ नका; ती कुणी वाचत नाही. उत्तरातला एक धागा मुद्दाम मोकळा सोडा, डीएम तो बरोबर पकडेल.

उडण्याची शक्ती हवी असेल तर मात्र धागा वगैरे नाही, सरळ परवानगी मागा. सुरुवातीपासून उडणारं पात्र भिंती, दऱ्या आणि सापळे यांवर घेतलेली डीएमची अर्धी मेहनत पाण्यात घालू शकतं. म्हणूनच बहुधा २०२४ च्या ड्रॅगनबॉर्न कुळाला पंख फुटतात ते पाचव्या लेव्हलला, दिवसातून एकदा, तेही दहा मिनिटांपुरते.

शीटवर लिहिताना

वारशाच्या शक्ती शीटच्या मागच्या पानावर लिहायची खोड असते, आणि मागचं पान कुणी उलटत नाही. त्या पुढच्या पानावर, हत्यारांच्या शेजारी लिहा. दिवसातून एकदाच्या शक्तीसाठी शीटवर एक नाणं ठेवा, वापरली की उलटं करा. सलग तीन सेशन नाणं सुलटंच राहिलं तर डीएमशी बोला. छापील नियम काहीही म्हणोत, पहिल्या काही सेशन्समध्ये न जमलेला वारसा बदलून द्यायला बरेच डीएम राजी असतात. मी विचारलं तेव्हा आमचाही होता. पण तोवर मशाल हिरवी होऊन गेली होती, म्हणून मी बदलला नाही.