कॅम्पेन ट्रेलचं मॉड बनवताय? आधी शीट उघडा

द कॅम्पेन ट्रेल, म्हणजे अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवरचा ब्राउझर गेम, खेळणाऱ्यांपैकी कोणी स्वतःचं मॉड (खेळाची स्वतः बदललेली आवृत्ती) लिहीत असेल तर थेट कोडमध्ये प्रश्न टाइप करत बसू नका, गुगल शीट घ्या. एका टॅबवर प्रश्न, दुसऱ्यावर उत्तरं, तिसऱ्यावर परिणाम, म्हणजे कुठल्या उत्तराने कुठल्या राज्यात किंवा मुद्द्यावर किती फरक पडतो ते. या तिघांना जोडतो तो आयडी, आणि खरी बोंब तिथेच होते, कॉपी पेस्ट करताना एकच आयडी दोन उत्तरांना जातो आणि मग ओहायोत मतं का घटली हे शोधत रात्र जाते. म्हणून आयडीच्या बाजूच्या कॉलमला काउंटइफ (एखादी गोष्ट किती वेळा आली ते मोजणारं सूत्र) लावा, आकडा 1 पेक्षा जास्त आला की कंडिशनल फॉरमॅटिंगने सेल लाल. बास.

राज्यांचा टॅब वेगळाच ठेवा आणि खाली इलेक्टोरल मतांची (अध्यक्ष निवडायला राज्यांना वाटून दिलेल्या मतांची) बेरीज लावा. 1964 पासून ती 538 यायला हवी, पण 1960 चं मॉड असेल तर 537 आणि 1948 चं असेल तर 531, आजचा नकाशा उचलून जुन्या निवडणुकीला चिकटवला की हे हमखास चुकतं. राज्यांची नावं हाताने टाइप करू नका, ड्रॉपडाउन करा.

अजून एक, मजकुराच्या कॉलमला प्लेन टेक्स्ट फॉरमॅट द्या नाहीतर 5-4 लिहिलं की शीट त्याची तारीख करून टाकते. वाकडी अवतरणचिन्हं पण एक्सपोर्टच्या आधी फाइंड रिप्लेसने सरळ करून घेतलेली बरी.