मोठ्या लेकीचा उन्हाळी ड्रेस

फ्रॉक शिवता येतो ना, मग तोच मोठ्या मापाने बेतला की झाला लेकीचा ड्रेस, असं वाटतं खरं. पण तो बसत नाही. पाच वर्षांच्या पोरीचं अंग पुढून-मागून सारखंच. पंचविशीतल्या बाईचं तसं नसतं. पुढचा भाग मागच्याएवढाच उंच कापला की ड्रेस छातीवर ओढला जातो, कमरेची शिवण पुढून वर चढते, आणि लेक ‘मस्त झालाय गं’ म्हणून तो कपाटात ठेवून देते.

आपला ड्रेस बिनबाह्यांचा, चेनशिवायचा, कमरेखाली चुण्यांचा घेर आणि बाजूला मागे बांधायच्या नाड्या. आधी कापडाचं. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तिथे दुकानदार ‘फॉल बघा मॅडम’ म्हणत रेयॉन पुढे करतो. घाम आला की रेयॉन अंगाला चिकटतं. मलमल मऊ असते, पण पारदर्शक. तिला अस्तर लावावं लागतं आणि दोन थर झाले की हलक्या कापडाचा फायदा काय राहिला? मी कॅम्ब्रिकच घेते. ते दाट विणीचं असतं, त्यामुळे बारीक छापील नक्षीचं घेतलं तर अस्तराशिवाय चालतं. 44 इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड अडीच मीटरमध्ये बसतं, पण तीन मीटर घ्या. सुती कापड आटतं. कापण्याआधी ते काही तास पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. गांधीबागेच्या कापडबाजारातून आणल्या आणल्या कात्री लावायची घाई नको.

माप अंगावरच घ्यायचं. जुन्या कुर्त्यावरून घेतलेलं चालत नाही, कारण कुर्ता कुठे तंग होतो ते कुर्ता सांगत नाही. लेक ड्रेसखाली जी ब्रा घालणार तीच घालून तिला उभी करा. कमरेला एक नाडी बांधा आणि तिला दोन्ही बाजूंना वाकायला सांगा. नाडी सरकून जिथे थांबेल ती कंबर. आता खांद्यापासून, मानेला लागून, नाडीपर्यंत दोनदा मोजा: एकदा छातीवरून, एकदा पाठीवरून. उदाहरणाला 36 छाती धरते. समोरून साडेसोळा आणि मागून 15 आलं, तर मधला दीड इंच हाच तुमचा टक्स, म्हणजे छातीला जागा देणारी निमुळती चिमटी. खांद्यापासून छातीच्या उंचवट्याच्या टोकापर्यंतचं अंतरही लिहून ठेवा.

कापड मधोमध दुमडून बेतताना छातीत चार इंच सैल धरा. 36 चे 40 झाले, त्याचा चौथा भाग 10, आणि बाजूला एक इंच माया, म्हणजे शिवणीत आत राहणारं जादा कापड. एवढी माया बघून काही जणी नाक मुरडतात, पण तिशीकडे जाणाऱ्या पोरीचं अंग बदलतं. पुढच्या उन्हाळ्यात शिवण उसवून वाढवता येते. शोल्डर 14 असेल तर अर्धं 7; बिनबाह्यांचा असल्याने साडेसहाच घ्या, नाहीतर खांदा बाहेर डोकावतो. खांद्याला पाऊण इंच उतार. मुंड्याची, म्हणजे हात जिथून बाहेर येतो त्या कापाची, खोली बाहीच्या ड्रेसला साडेसात घेतो, तिथे 7 पुरे; खोल मुंडा काखेत उघडा पडतो. पुढचा मुंडा मागच्यापेक्षा अर्धा इंच आत कोरायचा. गळा रुंदीला 3, पुढे 6, मागे 2. पट्टी लावायच्या आधी गळ्याच्या कडेवरून टेप फिरवून बघा. घेर 23 इंचांहून कमी आला तर मागे चीर देऊन लूप-बटण करा, नाहीतर डोकं जाणार नाही.

कमरेशी तिचं माप 30 असलं तरी वरचा भाग 38 ठेवा. आपण चेन लावत नाही, तेव्हा ड्रेस खांद्यांवरून आणि छातीवरून उतरला पाहिजे. आकार येतो तो बाजूच्या नाड्या मागे बांधल्यावर. शिवाय जेवण झालं की नाडी सैल करता येते, ही सोय चेनला नाही.

टक्स मुंड्याखाली अडीच-तीन इंचांवर बाजूच्या शिवणीतून सुरू करा, तोंडाशी दीड इंच, आणि उंचवट्याच्या टोकाच्या एक इंच अलीकडे संपवा. अगदी टोकापर्यंत नेला तर तिथे शंकू उभा राहतो. टक्स शिवल्यावर पुढची आणि मागची बाजू बरोब्बर जुळली पाहिजे. नाही जुळली तर तिथेच थांबा. इथे कच्चा टाका घालून लेकीला एकदा घालायला लावा. ती कंटाळेल, मोबाइल बघत उभी राहील, पण सोडू नका. हात वर करायला सांगा, वाकायला सांगा.

खालच्या घेराला 31 इंच उंचीचे, पूर्ण पन्ह्याचे दोन तुकडे, म्हणजे शिवून 28 उंची राहते. लेक स्कूटीवर फिरणारी असेल तर प्रत्येक तुकड्याच्या रुंदीतून 6 इंच काढा. वारं भरलं की जास्त घेर सांभाळता सांभाळता पुरेवाट होते. त्या 6 इंची पट्ट्यांच्याच नाड्या होतात. राहिला घेर 76, तो 38 मध्ये चुणायचा.

खिसे हवेतच, यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. कमरेखाली 2 इंच सोडून साडेसहा इंचांचं तोंड, पिशवी 6 रुंद आणि 12 खोल. पिशवीची वरची कड कमरेच्या शिवणीत अडकवून घ्या. नाहीतर मोबाइलच्या वजनाने पातळ कापड एका बाजूला लोंबतं.

शिवायला 11 नंबरची सुई. चुण्यांसाठी सर्वांत लांब टाक्याच्या दोन टिपा मारा आणि खालचा दोरा ओढा. वरचा भाग आणि घेर दोन्ही चार-चार भागांत खूण करून टाचण्यांनी जुळवा, म्हणजे चुण्या एकाच जागी गोळा होत नाहीत. गळ्याला आणि मुंड्याला सव्वा इंची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी, वळणावर किंचित ओढून. मुंड्याची पट्टी बाजूची शिवण झाल्यावरच लावा, म्हणजे पट्टीचा जोड काखेखाली लपतो. आतल्या कडा पिको-फॉलवाल्याकडून इंटरलॉक करून आणा.

हेम शेवटी. लेकीला रोजच्या चपला घालून उभी करा, मग स्कूटीवर बसवा. बसल्यावर गुडघा झाकला जातो का ते बघून खडूने खूण करा आणि दोन इंच आत दुमडून तुरपाई घाला.